छताचं एक

त्या दिवशी सकाळी आईनं हत्तीला दोनदा शिव्या घातल्या. एकदा त्याची सोंड करवतीत अडकली म्हणून, आणि दुसऱ्यांदा सोंड सुटली पण शेपूट तुटलं म्हणून. "एवढा मोठा देह आणि शेपटात जीव नाही मेल्याच्या," असं म्हणून तिनं तो तुकडा कोपऱ्यातल्या खोक्यात भिरकावला आणि नवी फळी घेतली.

पलीकडच्या खोलीतून लेक म्हणाली, "तिसरा हत्ती आहे हा. कळप काढतेस का?"

"तू दोरा ओव. हत्तीचं मी बघते."

"मला ओवायला काहीतरी दे तरी."

"जीभ आहे ना एवढी लांब, ती ओव."

आई पाळण्यावर टांगायची चिमणाळी बनवायची. रस्त्याला लागून दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत ती पातळ प्लायवूडमधून हत्ती, मासे, बदकं, ससे, चांदण्या कापायची, पॉलिश पेपरनं घासायची, रंगवायची. मागच्या खोलीत लेक ते सगळं दोऱ्यात ओवून टांगायची. दोन खोल्यांच्या मधे फळ्यांची आडभिंत होती आणि तिला ताटाएवढी एक खिडकी. त्या खिडकीतून प्राणी इकडून तिकडे जायचे, आणि चहाचे कप तिकडून इकडे यायचे.

प्रत्येक प्राण्याच्या पाठीला वर एक भोक आणि पोटाला खाली दोन, डावं आणि उजवं. खालच्या भोकातून दुसरा प्राणी लोंबायचा. नसेल लोंबायचा तर तिथे लाकडाचा एक मणी यायचा. भोक रिकामं ठेवायचं नाही, हा आईचा नेम. "उघडं भोक म्हणजे बटण तुटलेला सदरा," ती म्हणायची. "मूल लहान असलं म्हणून काय झालं, त्यालाही दिसतं."

अख्खं चिमणाळं आईच्या डोक्यात असायचं. ती चित्र काढायची नाही आणि करवत सोडून उठायचीही नाही. बसल्या जागेवरून ओरडून सांगायची. सगळ्यात वरचा प्राणी आधी. मग त्याचं डावं भोक, आणि त्याच्याखाली जे जे असेल ते थेट शेवटपर्यंत. तिथे मणी लागले की मागे वर यायचं आणि उजवीकडचं सांगायचं. "हत्ती! मासा! मणी!" असा पुकारा आडभिंतीवरून यायचा आणि लेक त्याच क्रमानं भिंतीवरच्या पाटीवर खडूनं लिहून घ्यायची. त्या एका सरळ ओळीत सगळं लोंबतं खेळणं आडवं होऊन बसलेलं असायचं. समोरच्या दुकानातला शिंपी, ज्याला दोघी काका म्हणायच्या, मशीन थांबवून विचारायचा, "आज ससा कुणाच्या वाट्याला आला?" आणि आई आतूनच उत्तर द्यायची, "तुमच्या नाही. तुम्ही विजारीकडे बघा."

लेक शिकली ती कॉम्प्युटर. कॉलेजात एकदा शिक्षकांनी फळ्यावर एक लांब ओळ लिहिली. मधे मधे अक्षरं, मधे मधे फुल्या. हे एक झाड आडवं केलेलं आहे, ते म्हणाले. प्रत्येक अक्षराखाली दोन फांद्या, आणि जिथे फांदी नाही तिथे फुली. ओळ अख्ख्या झाडाची आहे की मोडक्या, ते झाड न काढता सांगा. सगळा वर्ग वह्यांत फांद्या काढायला लागला. लेक मात्र हसू दाबत बसली, कारण तिला फुलीच्या जागी आईचा 'मणी' ऐकू येत होता. उत्तर तिलाही आलं नाही. ते शिक्षकांनीच सांगितलं, आणि ते घेऊन ती सुट्टीत घरी आली.

"आई, ओळ बरोबर आहे का बघायला टांगून बघायची गरज नाही. उघड्या जागा मोजायच्या. सुरुवातीला छताचा हूक उघडा, म्हणून एक बोट वर. प्राणी आला की तो एक जागा घेतो आणि दोन देतो, म्हणजे एक बोट वाढलं. मणी आला की एक जागा मिटली, एक बोट खाली. ओळ संपेल तेव्हा मूठ मिटलेली पाहिजे. आधीच मिटली तर पुढच्याला टांगायला जागा नाही. संपल्यावर बोट उरलं तर कुठेतरी मणी राहिला."

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "छताचं एक कशाला?"

"तिथूनच तर सगळं लोंबतं."

"छत घरमालकाचं आहे. मी माझ्या प्राण्यांचं मोजीन."

आणि तिनं तसंच केलं. पद्धत उचलली, पण छत काही मोजलं नाही. ती मनातल्या मनात, ओठ हलवत, शून्यापासून सुरुवात करायची. प्राण्याला एक वाढवायचं, मण्याला एक उतरवायचं. साहजिकच शेवटचा मणी आला की तिचा हिशेब शून्याच्याही खाली एक पायरी जायचा. त्याला ती म्हणायची, 'एक उसनं'. "झालं गं! एक उसनं!" अशी आरोळी आली की ओळ पुरी झाली असं समजायचं.

"उसनं कुणाचं?" लेक विचारायची.

"छताचं. त्याचा हूक वापरला ना."

"मग आधीच मोज की!"

"तू आधी मागून घेतेस, मी नंतर कबूल करते. एवढाच फरक."

हा वाद त्या घरात वर्षानुवर्षं चालला. लेक नोकरीला बाहेरगावी गेली तेव्हा तो फोनवर चालला. आईचा खांदा दुखायला लागल्यावर ती परत आली, सकाळी मागच्या खोलीतच लॅपटॉपवर कंपनीचं काम आणि दुपारी ओवणं असा तिचा दिवस बसला, तेव्हा तो पुन्हा आडभिंतीवरून सुरू झाला. वरच्या मजल्यावर राहणारी मावशी म्हणायची, "तुम्हा दोघींना भांडायला दुसरं काही मिळत नाही का? माणसं कशी व्यवस्थित जमिनीवरून भांडतात."

तर त्या दिवशी तिसरा हत्ती धड निघाला. दुपारी जेवताना आईनं सांगितलं की दवाखान्यातल्या नर्सबाईंचं काम आहे, त्यांच्या लेकीला मुलगी झालीय. नर्सबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची बाळं हातात घेतली, आता घरची आलीय, तेव्हा जरा नीट करायचं.

"नीट करायचं तर एकदा तरी शून्यावर संपव," लेक म्हणाली. "माझ्या समाधानासाठी."

"तुझं समाधान करायलाच जन्मले ना मी."

"एकदाच गं."

"भात घे. वाळून चाललाय."

जेवण झाल्यावर आई स्टुलावर जाऊन बसली आणि पुकारायला लागली. "हत्ती! मासा! मणी! चांदणी! मणी! मणी!"

आणि थांबली.

लेकीनं खडू धरून वाट पाहिली. आई ओळीच्या मधे थांबत नसे. थांबली तरी करवतीचा आवाज यायचा. आज तोही नव्हता. लेकीनं खिडकीतून डोकावलं. आई स्टुलावर ताठ बसली होती. उजवा हात छातीपाशी, मूठ घट्ट मिटलेली, आणि ती त्या मुठीकडे अशी बघत होती की जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे.

"काय गं? माशी पकडलीस का?"

आई दचकली. "अं? नाही. थांब जरा." मग थोडं चाचरत म्हणाली, "हं. बदक. ससा. मणी. मणी. झालं."

लेकीनं बोटं मोजली आणि तिला हसू फुटलं. "झालं काय! एक बोट उरलं."

"माझं तर काहीच उरलं नाही."

"मणी खाल्लास तू एक. म्हातारी झालीस, मणी गिळायला लागलीस."

"गिळीन नाहीतर काय. भात केला होतास की खळ?" आई म्हणाली. मग डोळे चोळत, "राहू दे आज. उद्या बघू काय ते."

संध्याकाळी तिनं ब्रश धुतले, काकांना खिडकीतून दोन टोमणे मारले, वर जाऊन मावशीशी पत्ते खेळली आणि हरली म्हणून रुसली. इतकाच तो दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक चहा घेऊन गेली तेव्हा आई उठली नाही.

डॉक्टरीणबाई जवळच राहायच्या, धावत आल्या. मेंदूत रक्तस्राव झाला असावा, झोपेतच, त्यांनी सांगितलं. तिला कळलंही नसेल. मग स्टेथोस्कोप गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, आणि त्यात विचारायचं म्हणून विचारण्याखेरीज काही नव्हतं: "काल काही वेगळं जाणवलं होतं का? बोलताना अडखळणं, हाताला काही, गोंधळल्यासारखं?"

"नाही," लेक म्हणाली.

ते म्हणताना ती खोटं बोलत नव्हती. खोटं ते नंतर झालं, डॉक्टरीणबाई निघून गेल्यावर. लेकीला ती मूठ आठवली.

घरात माणसं येऊन गेली. मावशीनं सगळं निभावलं. ती रडायचीही आणि मधेच थांबून कुणी चहा घेतला, कुणी नाही, हेही बघायची. काकांनी बाहेरच्या खुर्च्या लावल्या आणि उचलल्या. लेक सगळ्यांशी नीट बोलली. सांत्वनाला आलेल्या एका बाईंनी तर बाहेर पडताना मावशीला सांगितलं, "पोर धीराची आहे हो." पोर धीराची नव्हती. ती मनातल्या मनात एक ओळ म्हणत होती. हत्ती, मासा, मणी, चांदणी, मणी, मणी. आणि त्यानंतरची ती शांतता.

लहानपणापासून तिला वाचायची खोड. कशाचीही भीती वाटली की ती त्याच्यावरचं पुस्तक शोधायची. आताही तिनं तेच केलं. मेंदूच्या आजारावर जे हाती लागलं ते वाचलं, आणि प्रत्येक पानावर तिला आई भेटली. हाताची बोटं आखडणे. बोलता बोलता थांबणे. सवयीच्या कामात क्रम चुकणे. आपलाच अवयव परका वाटणे. डोळ्यांना थकवा. पुस्तकं कुणाला दुखवायला लिहीत नाहीत, पण त्या दिवसांत तिला वाटलं की ही तिच्याच घराच्या खिडकीतून डोकावून लिहिलीत. आजार दुपारीच घरात शिरला होता. आईनं इतकी वर्षं एक मणी कधी चुकवला नव्हता, तो चुकला, मूठ मिटली, शब्द अडला. आणि खिडकीतून बघणारी तिची शिकलेली लेक काय म्हणाली, तर म्हातारी झालीस.

दवाखाना दोन गल्ल्यांवर होता.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मावशीलाही नाही. मावशीनं ऐकून घेतलं असतं आणि "वेडी आहेस का" म्हटलं असतं. आणि तेवढ्यानं भागणारं नव्हतं.

मग नर्सबाईंचा फोन आला. "चिमणाळ्याचं मनातही आणू नका हो," त्या म्हणाल्या. "मी नुसती चौकशीला केला फोन. तुम्ही जेवता ना वेळेवर?"

"जेवते. आणि चिमणाळं होणार आहे," लेक म्हणाली. "आईनं प्राणी सगळे करून ठेवलेत."

ते खरं होतं. हत्ती, मासा, चांदणी, बदक, ससा, पाचही रंगवून वाळवून खिडकीच्या फळीवर ओळीनं उभे होते. राहिलं होतं ते ओवणं. मावशी खाली येऊन बसली होती, तिनं फोनवरचं ऐकलं आणि पदराला डोळे पुसत म्हणाली, "बरं केलंस. हात चालू राहिला की जीव थाऱ्यावर येतो. पण मग अडलंय कुठे? दोन दिवस नुसती पाटीकडे बघत बसलीयस."

"ओळ अपुरी आहे, मावशी. एक मणी कमी आहे."

"मग लाव की एक मणी. डबा भरून पडलेत."

"कुठे लावू?"

"जिथे भोक दिसेल तिथे."

"तसं नाही ना ते. मोजलं की एवढंच कळतं की एक कमी आहे. कुठला गळला ते कळत नाही." लेकीनं फळीवरचे प्राणी उचलून समोर मांडले. "शेवटचा गळला असेल तर ससा बदकाच्या डावीकडे येतो आणि त्याच्या उजव्या भोकाला मणी. पण समज, आधीचाच एखादा गळलाय. बदकाच्या डावीकडचा. मग डाव्या भोकाला मणी येतो, ससा बदकाच्या उजवीकडे जातो, आणि सगळा तोलच बदलतो. एका मण्यानं अख्खं चिमणाळं दुसरंच होतं."

मावशीनं बदक उचललं, इकडून तिकडून पाहिलं. "बाळाला काय कळणार आहे?"

"आईला कळायचं."

 मावशी बदक परत ठेवत म्हणाली, "तुझी आई लहानपणी मला वेणी घालायची. एक बट सुटली की सगळी वेणी सोडून पुन्हा. शाळेला उशीर झाला तरी. मी रडायचे, ही ढिम्म." ती उठली. "तू तिचीच आहेस. बस पाटीकडे बघत. मी वर जाते, दूध ठेवलंय गॅसवर."

मावशी गेली आणि लेक पाटीसमोर उभी राहिली. खडूची ओळ तशीच होती. 'बदक'च्या आधी थोडी जास्त जागा सुटली होती. त्या जागेत ती खिडकीतून डोकावून हसली होती. मणी कुठे गळला हे तिला कळायला हवं होतं, आणि ते नर्सबाईंच्या नातीसाठी जेवढं, त्याहून जास्त तिच्या स्वतःसाठी. मनानं भरकटलेल्या माणसाच्या हातून मणी कुठेही गळतो. आणि आई त्या दुपारी भरकटलेली होती की नव्हती, हे सांगणारं जगात आता या ओळीखेरीज कुणी नव्हतं.

आई बसायची तिथून बघावं, असं तिच्या मनात आलं. आई गेल्यापासून पुढच्या खोलीत ती फक्त झाडू मारायला गेली होती. आता जाऊन ती स्टुलावर बसली. स्टूल तिला बुटकं पडलं, गुडघे वर आले. समोर करवत, डाव्या हाताला रंगांच्या बरण्या, आडभिंतीची खिडकी खांद्याच्या उंचीवर. बाहेर काकांचं मशीन खडखडत होतं. तिनं आईसारखा आवाज चढवला नाही. हळूच म्हणायला लागली आणि सवयीनं उजव्या हाताची बोटं मोजायला लागली.

"हत्ती." एक बोट वर. "मासा." दोन. "मणी." एक. "चांदणी." दोन. "मणी." एक. "मणी."

मूठ मिटली.

'बदक' तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. मूठ मिटली म्हणजे ओळ संपली, आणि ओळ तर संपली नव्हती. कसं काय? ती मुठीकडे बघत राहिली. चुकलं कुठे? इतकी वर्षं एकदाही चुकलं नव्हतं.

मग तिनं वर पाहिलं. या खोलीच्या छताला हूक नव्हता. कधीच नव्हता. हूक मागच्या खोलीत होता, तिच्या स्वतःच्या डोक्यावर, म्हणून ती मोजायला लागली की पहिलं बोट आपोआप त्याच्यासाठी वर जायचं. इथे वर नुसता चुना होता आणि एक जळमट. इथे बसून मोजणाऱ्याला छताचं एक कसं सुचणार? आत्ता, या स्टुलावर, तिलाही सुचलं नव्हतं.

ती मुठीकडे पुन्हा बघायला लागली. उजवा हात, छातीपाशी.

आई कधी बोटांवर मोजत नसे. ती ओठांत मोजायची आणि शून्याच्या खाली जाऊन 'एक उसनं' म्हणायची. बोटांवर उसनं मोजता येतच नाही. मूठ मिटली की त्याच्या खाली जायला जागा नसते. बोटं ही लेकीची पद्धत. मिटलेल्या मुठीवर संपवायचं, ही लेकीची पद्धत. त्या दुपारी भात वाढून झाल्यावर आईनं काही न बोलता लेकीची पद्धत हातात घेतली होती. फक्त छत तेवढं राहिलं. ते तिच्या मोजण्यात कधी आधी आलंच नव्हतं.

लेकीनं उरलेली ओळ म्हटली.  "बदक." एक. "ससा." दोन. "मणी." एक. "मणी." मूठ. आणि ओळ संपलेली. झालं. माझं तर काहीच उरलं नाही.

दोन जागा. ओळीत दोनच जागी तिची मूठ मिटत होती: एक मधली, जिथे आई थांबली होती, आणि एक शेवटची, जिथे तिनं 'झालं' म्हटलं होतं. भरकटलेलं माणूस असं नेमकं त्याच दोन जागी थांबत नाही. मधे मूठ मिटली तेव्हा लेकीच्या नियमाप्रमाणे काहीतरी चुकलंय हे आईला तिथल्या तिथे कळलं होतं, म्हणून ती परक्यासारखी मुठीकडे बघत होती. पण डोक्यातलं चिमणाळं अजून पुरं झालं नव्हतं, म्हणून चाचरत ती पुढे गेली. शेवटी पुन्हा मूठ मिटली, आणि या वेळी तिनं शहाण्या मुलीसारखं लेकीचं ऐकलं आणि शून्यावर संपवलं. नेहमीसारखं मोजलं असतं तर तिनं आणखी एक मणी पुकारला असता आणि छताचं उसनं कबूल करून मोकळी झाली असती. अर्धी मोजणी आईची आणि अर्धी लेकीची. ही चूक करायला त्या दोघींपैकीच कुणीतरी लागलं असतं.

ती गोंधळलेली नव्हती. त्या दुपारी आई अख्खी होती, अगदी शेवटच्या मण्यापर्यंत. रात्री जे आलं ते रात्रीच आलं.

लेक स्टुलावर बसून रडली. माणसं असताना ती रडली नव्हती, पुस्तकं वाचतानाही नव्हती. आता रडली तशी मग थांबेचना. काकांचं मशीन मधेच बंद पडलं, थोडा वेळ बंदच राहिलं, आणि मग मुद्दाम केल्यासारखं जोरात सुरू झालं.

डोळे धुऊन ती मागच्या खोलीत आली. हत्ती हूकला टांगला. डाव्या भोकातून मासा सोडला, त्याच्या डावीकडे मणी, उजवीकडे चांदणी आणि तिच्याखाली दोन मणी. हत्तीच्या उजव्या भोकातून बदक, त्याच्या डावीकडे ससा, सशाखाली दोन मणी. आणि बदकाचं उजवं भोक. डब्यातून मणी काढताना तिनं तो निवडून काढला, जरी सगळे मणी सारखेच होते. गाठ मारली, दोरा कापला, हात सोडला. चिमणाळं अर्धं वळलं, परत फिरलं आणि स्थिर झालं.

मावशी दाराशी येऊन उभी होती. "किती छान झालंय गं," ती म्हणाली. "कळलं मग कुठला मणी होता ते?"

"शेवटचा."

"मी म्हटलं नव्हतं? जिथे भोक दिसेल तिथे."

लेक हसली. किती दिवसांनी हसली. मावशीनं तिच्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं आणि "नर्सबाईंना मी कळवते, तू बस," म्हणून ती वर गेली.

खोलीत लेक एकटी उरली. त्या घरात जे काही बोलायचं ते आडभिंतीवरून बोलायची रीत होती, करवतीच्या वर आवाज चढवून. चहा हवा का, हत्ती कितवा, जीभ केवढी. इतक्या वर्षांत त्या खिडकीतून किती वाक्यं गेली आणि आली. एक मात्र कधी गेलं नव्हतं. ते तिनं पुस्तकांत हजारदा वाचलं होतं, लोक एकमेकांना सहज म्हणताना ऐकलं होतं, आणि आपल्या घरात ते म्हणायला लागतं असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आईनं तरी कुठे म्हटलं होतं? आईनं नुसती बोटं मोजली होती.

लेक खिडकीपाशी गेली. पलीकडे रिकामं स्टूल होतं, करवत होती, बरण्या होत्या. पुटपुटलेलं या घरात कुणाला ऐकू जात नसे. म्हणून तिनं गळा मोकळा केला आणि रोजच्या, पुकाऱ्याच्या आवाजात, रस्त्यापलीकडेही जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली,

"आई, माझं कशाला ऐकलंस गं? मला तुझीच मोजणी आवडायची. तू मला फार फार आवडतेस."